वेगवेगळ्या वेळी काम करणाऱ्या टीमने कामाचा अंदाज कसा काढावा?

शाहूपुरी (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार. मी गेली सहा वर्षे साताऱ्यात घरी राहून सॉफ्टवेअरचे काम करते आणि मागच्या दिवाळीपासून सात जणांच्या टीमची जबाबदारी माझ्याकडे आहे. माझ्यासह दोघे साताऱ्यात, एक जण कराडला, एक जण सांगलीत विश्रामबागेत आणि एक सहकारी मेढ्याला आहे. उरलेल्या दोघांपैकी एक बर्लिनला आणि एक टोरांटोला असतो. हिवाळ्यात आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा बर्लिनमध्ये संध्याकाळचे पाच आणि टोरांटोत सकाळचे अकरा झालेले असतात. म्हणजे सर्वांना एकत्र बोलता येईल अशी वेळ नेमकी आमच्या जेवणाची आणि मुलांना झोपवण्याची असते.

दर दोन आठवड्यांनी त्या वेळी आम्ही व्हिडिओ कॉल घेऊन पुढच्या स्प्रिंटमधील (दोन आठवड्यांच्या टप्प्यातील) पंधरा-अठरा कामांचा अंदाज काढत असू. कॉल दोन तास चाले. शेवटच्या पाच-सहा कामांवर कोणी मनापासून विचार करत नसे, हे मला दिसत होते. शिवाय पावसाळ्यात मेढ्याची सहकारी निम्म्या कॉलमध्ये वीज किंवा नेटवर्क गेल्यामुळे बाहेर पडायची, आणि तिच्याकडे असलेल्या भागाचा अंदाज तिच्याशिवायच ठरायचा.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी कॉल बंद केला. सर्व कामे एका सामायिक शीटमध्ये लिहिली आणि प्रत्येकाने आपल्या सोयीच्या वेळी आपला आकडा भरावा असे सांगितले. त्यातून तीन अडचणी निर्माण झाल्या. पहिली अशी की आमचे सर्वांत अनुभवी सहकारी सकाळी लवकर आकडे भरतात आणि त्यानंतर बाकीच्यांचे आकडे त्यांच्याच आसपास येतात. दुसरी अशी की दोन-तीन जण रकाने कोरे ठेवतात. तिसरी अशी की एखाद्या कामावर मतभेद झाला तर शेरे आणि प्रतिशेरे आठवडाभर चालू राहतात आणि निर्णय कोणीच करत नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आकडे चुकतच आहेत. बिलाची पीडीएफ तयार करून ग्राहकाला ई-मेलने पाठवण्याच्या कामाला आम्ही सर्वांनी एकमताने तीन दिवस दिले होते. ते संपायला नऊ दिवस लागले. क्लायंटला मी जी तारीख दिली होती ती मोडली, आणि मोडलेल्या तारखेचे उत्तर मलाच द्यावे लागले. कॉल पुन्हा सुरू करावा असे मला वाटत नाही, परंतु एकत्र न बसता काढलेला अंदाज विश्वासार्ह कसा करावा, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी अशा पद्धतीने काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कृष्णाकाठ (सांगली) यांचे उत्तर

आपण कॉल बंद केलात हे योग्यच केले, असे मला वाटते. चूक शीटमध्ये आहे. शीट उघडी असते, आणि उघडा आकडा हा पुढच्या माणसासाठी सूचना ठरतो.

यावर १९७४ मध्ये अमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यात लोकांसमोर एक चक्र फिरवले जाई आणि ते १० किंवा ६५ याच आकड्यावर थांबेल अशी व्यवस्था आधीच केलेली होती. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के आहे, असे विचारले जाई. ज्यांनी १० पाहिला त्यांच्या उत्तरांचा मध्यांक २५ आला आणि ज्यांनी ६५ पाहिला त्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काहीही संबंध नाही हे उघड असूनही असे घडले. मग आपल्याहून अनुभवी माणसाने सकाळी सात वाजता लिहिलेला आकडा इतरांना किती ओढत असेल, याचा विचार करावा. त्यात त्या सहकाऱ्यांचा दोष नाही आणि इतरांचाही नाही.

इतिहासातील एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. १९५० च्या दशकात अमेरिकेतील रँड संस्थेत डेल्फी नावाची पद्धत तयार झाली. तज्ज्ञांना एका खोलीत न बसवता प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे लेखी मत घ्यायचे, सर्वांच्या मतांचा गोषवारा नावे न सांगता सर्वांना पाठवायचा आणि पुन्हा मत मागवायचे, अशी तिची रीत होती. पुढे १९७० च्या दशकात बॅरी बोहम आणि जॉन फार्क्वार यांनी सॉफ्टवेअरसाठी तिचे एक रूप तयार केले, ज्यात फेऱ्यांच्या मधे समोरासमोर चर्चाही आली. २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी तीच कल्पना पत्त्यांच्या रूपात आणली, तिला आज आपण प्लॅनिंग पोकर म्हणतो. म्हणजे मुळात ही पद्धत दूर बसलेल्या, एकमेकांना न दिसणाऱ्या लोकांसाठीच होती. खोली आणि घाई नंतर आली. त्यामुळे कॉलची पद्धत कशीबशी शीटमध्ये बसवण्यापेक्षा आपण सरळ मूळ रीतीकडे परत जावे.

आमच्या टीममध्ये आम्ही हे असे करतो. सोमवारी सकाळी कामांची यादी एका गूगल फॉर्ममधून जाते, कारण फॉर्ममध्ये भरणाऱ्याला इतरांची उत्तरे दिसत नाहीत आणि शीटमध्ये दिसतात. अंदाज भरायला अठ्ठेचाळीस तास असतात, त्यामुळे कोणत्याही देशातील माणसाला त्याच्या कामाच्या वेळेतील दोन दिवस मिळतात. प्रत्येक आकड्यासोबत दोन-तीन वाक्ये लिहिणे बंधनकारक आहे: मी काय गृहीत धरले, मला कशाची भीती वाटते आणि या आकड्यात काय धरलेले नाही. वाक्ये नसतील तर आकडा मोजत नाही. ही अट सुरुवातीला सर्वांना जाचक वाटली, पण माझ्या मते या संपूर्ण पद्धतीचा जीव तिच्यातच आहे.

बुधवारी सर्व आकडे एकदम उघडतात. आमचे आकडे दिवसांचे नसून कामाच्या आकाराचे माप असतात: १, २, ३, ५, ८, १३. ते या क्रमात शेजारशेजारचे आले, जसे ५ आणि ८, तर मोठा आकडा घेऊन काम मिटते. अंतर त्याहून जास्त असेल तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा देणाऱ्यांची कारणे नावांशिवाय सर्वांना पाठवतो आणि एका दिवसात दुसरी फेरी घेतो. तिसरी फेरी नाही. दोन फेऱ्यांनंतरही मत जुळले नाही, तर फक्त त्या दोघांनी पंधरा मिनिटे बोलायचे, किंवा आधी एका दिवसाचे शोधकाम लावायचे आणि मूळ काम पुढच्या स्प्रिंटमध्ये न्यायचे. आपल्याकडे शेरे आठवडाभर चालतात याचे कारण एवढेच की ते कुठे थांबवायचे हे आधी ठरलेले नाही.

कारणे लिहिल्याचा लाभ कसा होतो याचे एक उदाहरण देतो. जुन्या नोंदींमधील तारखा नव्या तक्त्यात आणण्याच्या कामाला पाच जणांनी २ दिला आणि एकाने १३. खुल्या शीटमध्ये त्या एकाने आपला आकडा नक्कीच खाली आणला असता. त्याने लिहिले होते की २०१६ पूर्वीच्या नोंदींत दिवस आधी आहे आणि नंतरच्या नोंदींत महिना आधी आहे, आणि ०५-०६ अशी तारीख नेमकी कोणत्या बाजूची आहे हे नोंद पाहून ठरवता येत नाही. दुसऱ्या फेरीत सर्वांचे आकडे ८ आणि १३ आले. मूळ आकड्यापेक्षा ती दोन वाक्ये आम्हाला अधिक मोलाची ठरली.

आमच्या सांगलीत हळदीचे सौदे उघड लिलावाने होतात. पूर्वी जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव सांगण्याची रीत होती, आणि त्यात शेतकरी नाडला जाई म्हणून उघड बोलीचा आग्रह धरला गेला, हे योग्यच झाले. मात्र तिथे भाव चढावा म्हणून एकाने दुसऱ्याची बोली ऐकणे हेच हवे असते. अंदाज काढताना एकाचे ऐकून दुसऱ्याने बोलू नये, असे हवे असते. म्हणून आमच्याकडे आधी रुमाल आणि मग उघड सौदा, असा क्रम आहे. दोन्हींपैकी एक गाळले की पद्धत बिघडते.

आकड्यांसाठी १, २, ३, ५, ८, १३ एवढेच ठेवावेत. काम मोठे होत जाते तसा आपला अंदाज ढोबळ होत जातो, म्हणून पुढच्या आकड्यांमधील अंतर वाढत गेलेले बरे. ११ की १२ यावर वाद घालण्याइतकी आपली नजर बारीक नसते. या संख्यांना जगभर फिबोनाची यांचे नाव असले तरी त्यांच्या आधी बाराव्या शतकात हेमचंद्रांनी छंदशास्त्राच्या संदर्भात, लघु-गुरू अक्षरांच्या रचना मोजताना, हीच मालिका सांगितली होती, हे विषयाला धरून नसले तरी मला नमूद करावेसे वाटते. प्रत्येक आकड्यासमोर आपलीच पूर्ण झालेली दोन कामे लिहून ठेवावीत. नवे काम त्या मापाशी ताडून पाहणे हे दिवस मोजण्यापेक्षा सोपे जाते, आणि नव्याने आलेल्या माणसालाही आपले माप लवकर कळते.

माणदेश (आटपाडी) यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ते आपल्या नऊ दिवसांच्या कामाला पूर्णपणे लागू पडत नाही. तिथे सर्वांचे एकमत होते आणि तरीही अंदाज चुकला. म्हणून एक प्रश्न विचारतो: त्या नऊ दिवसांत प्रत्यक्ष हाताने काम किती दिवस झाले?

शाहूपुरी (सातारा)

आपला प्रश्न वाचून मी कामाचा इतिहास पुन्हा पाहिला. प्रत्यक्ष काम अडीच दिवसांचे झाले. क्लायंटच्या मेल सर्व्हरचा पासवर्ड मिळण्यात चार दिवस गेले, कोड रिव्ह्यूसाठी, म्हणजे सहकाऱ्याने कोड तपासण्यासाठी, दीड दिवस थांबावे लागले आणि पीडीएफमध्ये कराचा रकाना कुठे असावा या प्रश्नाचे उत्तर यायला एक दिवस लागला. हे मी आजवर असे वेगळे करून पाहिलेच नव्हते.

माणदेश (आटपाडी) यांचे उत्तर

म्हणजे आपला तीन दिवसांचा अंदाज चुकलेला नव्हताच. तो उलट थोडा जास्तच होता. चूक झाली ती श्रमाचा आकडा तारीख म्हणून क्लायंटला सांगण्यात. एकत्र बसणाऱ्या टीममध्ये ही चूक झाकली जाते, कारण शेजारच्या टेबलावर विचारले की उत्तर मिळते. आपल्यासारख्या विखुरलेल्या टीममध्ये श्रम आणि दिवस यांची फारकत होते.

हे मोजण्यासाठी आम्ही एक साधा उपाय केला आहे. तहसील कचेरीत एखाद्या दाखल्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतील, असे आपल्याकडे विचारतात. दाखला लिहायला दहाच मिनिटे लागतात हे सर्वांना ठाऊक असते, तरी माणूस हेलपाटे मोजतो, कारण त्याचे दिवस त्यात जातात. आम्ही प्रत्येक कामासाठी श्रमाच्या आकड्याशेजारी हेलपाट्यांचा आकडा लिहितो. हे काम पूर्ण होईपर्यंत आपल्याला दुसऱ्या कोणाच्या उत्तरासाठी, परवानगीसाठी किंवा तपासणीसाठी किती वेळा थांबावे लागेल? टोरांटोतील सहकाऱ्याला मी आटपाडीहून सकाळी अकराला प्रश्न विचारला, तर हिवाळ्यात तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. त्याचा दिवस सकाळी नऊला सुरू होतो तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्याचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी वाचतो. एक हेलपाटा म्हणजे एक दिवस. तीन वेगवेगळे प्रश्न तीन वेगवेगळ्या दिवशी सुचले, तर अर्ध्या दिवसाचे काम चौथ्या दिवशी संपते.

या आकड्याचा दुसरा फायदा असा की तो कमी करता येतो. श्रम कमी करणे अवघड असते, पण हेलपाटे लिहायला बसले की माणूस आपोआप विचार करतो की हे तीन प्रश्न आजच एकत्र विचारता येतील का. आपल्या उदाहरणात मेल सर्व्हरचा पासवर्ड काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी मागता आला असता. तो लागणार हे अंदाज भरतानाच कोणाला तरी सुचले असते, पण तसे लिहायला जागाच नव्हती.

थांबण्याचा काळ मात्र मनाने ठरवू नये, तो नोंदीतून काढावा. मागच्या वीस-पंचवीस पुल रिक्वेस्ट (कोड तपासून घेण्याच्या विनंत्या) कधी उघडल्या आणि कधी मंजूर झाल्या, या तारखा आपल्याकडे आधीच आहेत. स्वतःच्या कामाबद्दल माणूस नेहमी सगळे चांगलेच घडेल असे धरून चालतो. कॅनडात रॉजर ब्यूहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा अंदाज सरासरी ३३.९ दिवसांचा होता. सर्व काही बिघडले तर किती दिवस लागतील, याचे उत्तर सरासरी ४८.६ आले. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. वाईटात वाईट धरलेला काळसुद्धा अपुरा पडला, हे मला फार विचार करायला लावणारे वाटते. म्हणूनच जिथे नोंद उपलब्ध आहे तिथे नोंदीचेच ऐकावे.

आणखी एक सांगतो. माझे वडील तलाठी होते. आमचा भाग दुष्काळी, त्यामुळे पैसेवारी हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. महसूल खाते आधी नजरअंदाज पैसेवारी जाहीर करते, मग सुधारित आणि शेवटी अंतिम, आणि अंतिम पैसेवारीमागे प्रत्यक्ष पीक कापून वजन करण्याचे प्रयोग असतात. पिकाबद्दल जसजसे अधिक कळते तसतसा आकडा बदलतो, आणि तो बदलणार हे व्यवस्थेनेच मान्य केलेले आहे. पहिला आकडा बदलला म्हणून कोणी तलाठ्याला खोटे ठरवत नाही. आपल्या क्षेत्रात मात्र पहिल्या आकड्यालाच वचन समजले जाते. आम्ही कामाचा साधारण एक तृतीयांश भाग झाला की, ज्याच्या हातात ते काम आहे त्याच्याकडून सुधारित अंदाज घेतो. जुना आकडा पुसत नाही, नवा त्याच्या शेजारी लिहितो. काही महिन्यांनी हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचले, की कोणत्या प्रकारच्या कामात आपली नजर कमी पडते ते स्पष्ट दिसते. आमच्याकडे ते बाहेरच्या एपीआयशी (दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरशी) जोडणी करण्याचे काम निघाले.

प्रीतिसंगम (कराड) यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मनापासून आवडली, तरी मला वेगळे मत मांडावेसे वाटते. आम्ही आकडे देणे बंद केले त्याला आठ महिने झाले, आणि क्लायंटला दिलेल्या तारखा पूर्वीपेक्षा अधिक पाळल्या जात आहेत.

आम्ही एकच नियम ठेवला आहे. कोणतेही काम दोन दिवसांहून मोठे वाटले तर ते तोडायचे. काम दोन दिवसांत बसते का, याचे उत्तर फक्त हो किंवा नाही असते, त्यामुळे त्यासाठी फेऱ्या लागत नाहीत. त्यानंतर आठवड्याला किती कामे पूर्ण झाली एवढेच मोजायचे.

तारखेसाठी मागच्या बारा आठवड्यांचे आकडे घ्यावेत. समजा त्यांतील पहिले सहा ४, ७, ५, ६, २, ८ असे आहेत. प्रत्येक आकडा एका चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावा. एक चिठ्ठी काढावी, आकडा टिपून ती परत डब्यात टाकावी, पुन्हा काढावी, आणि उरलेली तीस कामे संपेपर्यंत असे करत राहावे. किती चिठ्ठ्या लागल्या तितके आठवडे. हाच खेळ संगणकाकडून दहा हजार वेळा करून घेता येतो आणि शंभरपैकी पंच्याऐंशी वेळा काम ज्या आठवड्यापर्यंत संपले तो आठवडा क्लायंटला सांगता येतो. यात थांबण्याचा काळ, आजारपण, गणपतीची सुट्टी, पावसात गेलेली वीज हे सारे आपोआप धरले जाते, कारण ते त्या बारा आठवड्यांत घडलेलेच असते.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियमही इथे लागू होतो. एका वेळी हातात असलेल्या कामांना आठवड्याला पूर्ण होणाऱ्या कामांनी भागले की एका कामाला सरासरी किती आठवडे लागतात ते मिळते. अठरा कामे हातात असतील आणि आठवड्याला सहा पूर्ण होत असतील, तर प्रत्येक काम सरासरी तीन आठवडे रेंगाळते, त्यातील श्रम कितीही कमी असोत. हातातील कामे नऊवर आणली आणि पूर्ण होण्याचा वेग तोच राहिला, तर तो काळ दीड आठवड्यावर येतो. विखुरलेल्या टीममध्ये उत्तराची वाट पाहताना माणूस दुसरे काम उघडतो, मग तिसरे, आणि असे करता करता सर्वच कामे लांबतात. श्रीयुत माणदेश यांनी सांगितलेले हेलपाटे आणि हा नियम या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

या रीतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. टीममधील दोन माणसे बदलली किंवा कामाचे स्वरूपच बदलले, तर जुन्या चिठ्ठ्या उपयोगाच्या राहत नाहीत. तसेच कामे तोडताना जी चर्चा होते ती टाळता येत नाही; ती लेखी करावी लागते आणि तिला वेळ द्यावा लागतो.

आपण आकडे चालू ठेवणार असाल तर एक विनंती आहे. ते आकडे कधीही कोणाच्या वार्षिक मूल्यमापनात जाऊ देऊ नका. मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे प्रत्येकाने तिमाहीत किती पॉइंट (म्हणजे अंदाजाचे हेच आकडे) पूर्ण केले याचा तक्ता वरिष्ठांकडे जाऊ लागला. दोन तिमाहींत जे काम ३ चे होते ते ८ चे झाले. कोणी खोटे बोलत नव्हते, प्रत्येक जण स्वतःच्या घराचा विचार करत होता. पण त्यानंतर त्या आकड्यांवरून तारीख काढणे कोणालाच शक्य राहिले नाही.

कोयनाकाठ (पाटण) यांचे उत्तर

मला या क्षेत्रात दोनच वर्षे झाली आहेत, म्हणून मी फक्त कोऱ्या रकान्यांबद्दल लिहिते. आमच्या टीममध्ये रकाने कोरे ठेवणाऱ्यांत मी एक होते. त्यामागे आळस नव्हता. कोडचा तो भाग मी कधी उघडलेलाच नव्हता, आणि मनाने आकडा लिहिला तर तो सर्वांसमोर चुकीचा ठरेल अशी भीती होती. आमच्या टीम लीडनी फॉर्ममध्ये "सांगता येत नाही" असा पर्याय ठेवला आणि त्यापुढे "काय समजले तर सांगता येईल" ही ओळ जोडली, तेव्हापासून मी एकही रकाना कोरा सोडलेला नाही. कधी कधी माझी ती ओळ वाचून अनुभवी सहकाऱ्यांनीही आपला आकडा बदलला आहे.

दुसरे असे की कारण इंग्रजीतच लिहावे लागते, हा माझ्यासारखीसाठी मोठा अडसर होता. कॉलमध्ये मराठीत बोलून जे सहज सांगता येत असे ते लिहिताना अर्धेच उतरत असे. आता आम्ही कारण मराठीत लिहितो आणि यादी उघडण्याआधी त्याचे भाषांतर होते. आपल्या मेढ्याच्या सहकारीला हे सोयीचे होईल का, ते आपण तिला विचारून पाहावे.

शाहूपुरी (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लगेच उत्तर देण्याऐवजी एक स्प्रिंट करून पाहावा आणि मग लिहावे असे ठरवले होते, म्हणून तीन आठवडे गेले.

आम्ही गूगल फॉर्म, अठ्ठेचाळीस तास आणि दोन फेऱ्या ही रीत घेतली. चौदा कामांपैकी नऊ पहिल्या फेरीत मिटली, चार दुसऱ्या फेरीत, आणि एकासाठी कराडच्या आणि बर्लिनच्या सहकाऱ्यांनी पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटे बोलून शेवटी ते काम दोन भागांत तोडले. आमच्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्यांना मी आकडे लपवण्यामागचे कारण आधी फोन करून सांगितले, कारण फॉर्म अचानक पाठवला असता तर त्यांना तो आपल्यावरचा अविश्वास वाटला असता. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि आता ते सर्वांत सविस्तर कारणे लिहितात.

"सांगता येत नाही" हा पर्याय पहिल्याच फेरीत अकरा वेळा वापरला गेला. सुरुवातीला मला त्याची काळजी वाटली. नंतर लक्षात आले की त्यातील सात उत्तरे एकाच भागाबद्दल होती, जो भाग टोरांटोच्या सहकाऱ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. म्हणून या स्प्रिंटमध्ये त्या भागाची माहिती लिहून काढण्याचे काम आम्ही सर्वांत वर ठेवले आहे. मेढ्याच्या सहकारीने आपली कारणे मराठीत लिहिली, आणि वीज आल्यावर रात्री एक वाजता भरलेला तिचा आकडा एका कामात बाकी सर्वांहून वेगळा आणि बरोबर होता.

चिठ्ठ्यांचा प्रयोग करण्याइतकी जुनी नोंद आमच्याकडे अजून नाही, कारण कामे पूर्ण झाल्याच्या तारखा आम्ही नीट ठेवल्या नव्हत्या. त्या आता ठेवायला सुरुवात केली आहे आणि बारा आठवडे झाल्यावर दोन्ही रीतींनी काढलेली तारीख शेजारी मांडून पाहणार आहे. क्लायंटला मात्र मी आत्ताच श्रम आणि थांबणे असे दोन वेगळे रकाने दाखवले. त्यांचे पहिलेच वाक्य असे होते की दुसऱ्या रकान्यातील निम्मे दिवस आमच्याकडचे आहेत, आणि पासवर्ड, परवानग्या यांसाठी त्यांनी एक माणूस नेमून दिला.

फॉर्ममधील त्या चौकटीला इंग्रजीत योग्य शब्द सापडला नाही, म्हणून मी "हेलपाटे" हाच शब्द ठेवला आणि खाली त्याचा अर्थ लिहिला. या सोमवारी बर्लिनच्या सहकाऱ्याने तिथे ३ लिहून पुढे विचारले आहे की यातील दोन प्रश्न आजच एकत्र पाठवले तर २ लिहिता येईल का.